बॅरोनेटचा चुलतभाऊ

बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्या माणसाने पुढे काय करावं, याबद्दल माझ्या आजूबाजूच्या सगळ्यांची मतं ठाम होती. बायकोचं मत होतं की मी रोज सकाळी लांब फिरायला जावं आणि शक्यतो उशिरा परत यावं. सोसायटीतल्या लोकांचं मत होतं की मी सेक्रेटरी व्हावं. या दोन्ही संकटांतून सुटण्यासाठी मी भाषांतराचं काम धरलं. एका संकेतस्थळाला जगातली सगळी माहिती मराठीत आणायची होती. सगळी म्हणजे सगळी. ते लेख पाठवत आणि मी नाशिकच्या सिडकोतल्या फ्लॅटच्या गॅलरीत बसून ते मराठीत करत असे. आजवर मी एका जपानी पुलाचं, गोगलगायीच्या दोन जातींचं आणि नॉर्वेतल्या एका बंद पडलेल्या रेल्वे स्टेशनचं मराठीकरण केलं आहे. त्यातलं काही कोणी वाचल्याचं अजून माझ्या कानावर आलेलं नाही.

गेल्या श्रावणात माझ्या वाट्याला एक आयरिश बॅरोनेट आला. सतराव्या शतकातला. बॅरोनेट म्हणजे लॉर्ड नव्हे, त्याच्या खालची पायरी. नावाआधी 'सर' लावायचं आणि मरताना ते थोरल्या मुलाला देऊन जायचं. यांच्या आजोबांनी हा किताब रोख पैसे मोजून घेतला होता. त्या काळी राजाला फौजेसाठी पैशांची अडचण होती, म्हणून त्याने किताबांचं दुकानच उघडलं होतं. दोन पिढ्यांनंतर हे घराणं पुरातन आणि खानदानी झालं.

हे गृहस्थ डब्लिनच्या संसदेत वर्षानुवर्षं निवडून येत होते. मतदारसंघ एवढासा, मतदार मूठभर, आणि ते सगळे यांच्याच जमिनीवर राहणारे. त्यामुळे निकालाची फार धाकधूक नसावी. संसदेत त्यांनी एकही भाषण केल्याची नोंद नाही. एका पुलाच्या समितीवर ते होते. पूल झाला की नाही, याबद्दल लेख गप्प आहे.

लग्नं दोन झाली, मुली तीन झाल्या, मुलगा झाला नाही. ते गेल्यावर जमीन तिघींत वाटली गेली, कारण त्यांच्या बाबतीत जमीन मुलींना चालत होती. 'सर' मात्र मुलींना चालत नव्हतं. ते गेलं एका चुलतभावाकडे. हा दूरच्या कुठल्याशा बंदरात कारकून होता आणि घराण्याची हवेली त्याने कधी पाहिलीही नव्हती. आपणच खरे वारस आहोत हे सिद्ध करण्यात त्याने उमेदीची सगळी वर्षं घालवली. शेवटी हाती काय आलं? घर नाही, शेत नाही, एक मेंढरूसुद्धा नाही. नावाआधी दोन अक्षरं आली.

भाषांतरकाराने पदरचं काही घालू नये, हा नियम मला माहीत आहे. तरी इथे मला राहवलं नाही. लेखाच्या शेवटी मी एक वाक्य ठेवून दिलं: 'अशा रीतीने, काहीही न मिळवण्यासाठी या चुलतभावाने आयुष्यभर अथक परिश्रम केले.' ते लिहून मी स्वतःवर इतका खूश झालो की उठून चहा केला. चहा पीत असतानाच गावाहून काकांचा फोन आला.

आमचं गाव पिंपळगाव बसवंतच्या पुढे, हायवे सोडून आत. काका म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, गावचे पाटील. पाटीलकी कायद्याने कधीच गेली, पण ती गेल्याचं काकांना कोणी अधिकृतपणे कळवलं नसावं. तिच्यातली एक गोष्ट खरोखरच शिल्लक होती. पोळ्याच्या दिवशी वेशीच्या तोरणाखालून पहिला बैल आमच्या घरचा जाणार आणि त्याचा कासरा घरातला कर्ता पुरुष धरणार. तो गेल्याशिवाय गावातल्या कोणाचा बैल हलत नाही.

यातली वेस आता नाही. रस्ता रुंद करताना ती पाडली. पोळ्याला विजेच्या दोन खांबांमध्ये तोरण बांधतात आणि त्यालाच वेस म्हणतात. बैलही फारसे उरलेले नाहीत, द्राक्षबागेत सगळीकडे छोटे ट्रॅक्टर फिरतात. पण मानासाठी काकांनी एक बैल राखला आहे. वर्षातून एक दिवस तो चावडीपासून खांबांपर्यंत चालतो आणि उरलेलं वर्ष गोठ्यात बसून रवंथ करतो. बॅरोनेटचं चरित्र लिहिताना हा बैल सारखा माझ्या डोळ्यांपुढे येत होता. त्यानेही आजवर एकही भाषण केलेलं नाही.

"गुडघ्याचं ऑपरेशन झालंय," काका फोनवर म्हणाले. "डाक्टर चालू देत नाय. यंदा कासरा तुला धरायचाय."

"मी? काका, मला बैलाची भीती वाटते."

"ते त्याला कुठं माहीत हाय?"

मी म्हणालो, घरात तुमची मुलगी आहे, तिला द्या की. 

"बाईमाणूस मानाचा बैल नेत नाय," काका म्हणाले. "आपल्यात नाय ते. आन् तात्या टपलेलाच हाय."

तात्या म्हणजे खालच्या आळीचे आमचे भाऊबंद. पणजोबांच्या धाकट्या भावाचं घर. गावचा नियम असा की थोरल्या घरातला पुरुष हजर नसला, किंवा मानाचा बैल तोरणाखालून न जाता मागे फिरला, तर मान धाकट्या घराकडे जातो आणि एकदा गेलेला परत येत नाही. तात्यांचं घराणं या गोष्टीची तीन पिढ्या वाट पाहत आहे. काकांना मुलगा नाही आणि मी त्यांचा एकुलता पुतण्या, त्यामुळे चहाचा कप हातात असतानाच माझ्या लक्षात आलं की मी वारस आहे.

पोळ्याच्या आदल्या दिवशी गावी पोचलो. माझी चुलतबहीण टोमॅटोचा ट्रॅक्टर पिंपळगावच्या बाजारात खाली करून नुकतीच आली होती. ती माझ्याहून लहान. लग्न होऊन चांदवडला गेली होती. काकू गेल्या आणि काका घरात एकटे पडले, तेव्हा नवऱ्यासकट परत आली. तेव्हापासून बाग ती बघते, फवारणी तिची, मजूर तिचे, व्यापाऱ्यांशी बोलणंही तिचं. तिच्याबरोबर मी एकदा लिलावाला गेलो होतो. व्यापारी तोंडासमोर भाव पुकारत होते आणि ही ट्रॉलीच्या कडेला टेकून भलतीकडे बघत होती, जणू तो माल दुसऱ्याच कोणाचा आहे. भाव हवा तिथे आला तेव्हा तिने फक्त मान हलवली.

संध्याकाळी खांदमळणी होती. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे हळद-तुपाने चोळतात आणि त्याला दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आमंत्रण देतात. आमच्या बैलाच्या खांद्यावर जू कधी ठेवलंच जात नाही, पण चोळायचे ते चोळायचेच. तिने सावकाश दोन्ही बाजू चोळल्या आणि त्याच्या कानाशी जाऊन म्हणाली, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." बैलाने डोळे मिटले. मी गोठ्याच्या दारात, सुरक्षित अंतरावर उभा होतो.

"मी मागितला होता कासरा," ती माझ्याकडे न बघता म्हणाली.

"काकांकडे?"

"मग कोणाकडं? आबांना म्हटलं, बाग राहू द्या तुमच्या नावावर, मला काय घाई नाय. कासरा तेवढा मला द्या. तर म्हणे, बाग घे, उद्याच सातबाऱ्यावर तुझं नाव लावतो. पण कासऱ्याचं बोलू नको."

मला एकदम माझा बॅरोनेट आठवला आणि मी तिला त्याची सगळी गोष्ट सांगितली. ती खांदे चोळत ऐकत होती. जमीन मुलींना आणि 'सर' चुलतभावाला, इथपर्यंत आल्यावर ती थांबली.

"मग त्या तिघी काय म्हणाल्या?"

"ते लेखात नाही."

"नावं काय त्यांची?"

"तीही नाहीत. नुसतं 'तीन मुली' एवढंच आहे."

"हं," ती म्हणाली आणि पुन्हा चोळू लागली. मला फार वाईट वाटलं. मी म्हणालो, मी काकांना नाही म्हणून सांगतो, मला हा मान नकोच आहे.

"तू नाही म्हणलास का तो तात्याला जाईल. मंग काय उपयोग? धर तू."

मग अंधार पडायच्या आत तिने माझी तालीम घेतली. कासरा माझ्या हातात आणि ती पुढे. पोळ्याला मानाच्या बैलापुढे घरची बाई औक्षणाचं ताट घेऊन चालते, काकू गेल्यापासून तीच चालते. आता ताटाऐवजी तिच्या हातात हिरव्या मक्याची पेंढी होती. बैल अगदी शहाण्यासारखा चालला. अंगणाला दोन फेऱ्या झाल्यावर माझी भीती गेली. तिसऱ्या फेरीला मला वाटलं, रक्तात असावं लागतं.

दुसऱ्या दिवशी बैलाला न्हाऊ घातलं, शिंगं रंगवली, कपाळाला बाशिंग बांधलं, पाठीवर आरशांची झूल टाकली. मग मला सजवलं. डोक्याला फेटा बांधला, अंगावर काकांचं जाकीट चढवलं. कासऱ्याला लाल गोंडे होते आणि त्यांचा रंग कच्चा होता. चावडीपुढे आलो तेव्हा वाजंत्री सुरू झाली.

इथे मला एक गोष्ट सांगायला हवी, ती अशी की मला ते आवडलं. फार आवडलं. मी चालू लागलो आणि गर्दी बाजूला झाली. म्हातारी माणसं हात जोडून "राम राम पाटील" म्हणाली, मला! सोसायटीचा वॉचमन मला पाहून खुर्चीतून उठत नाही. बँकेत तीस-बत्तीस वर्षं काढली, पण निरोपाच्या दिवशी साहेबांनी माझं आडनाव चुकवलं होतं. आणि इथे बायका ओट्यावर उभ्या राहून बघत होत्या आणि पोरं मोबाइल वर धरून माझे फोटो काढत होती. मी मान ताठ केली. फेट्याचा शेमला पाठीवर नीट पडला आहे ना, हे एकदा हळूच चाचपून पाहिलं. मनात आलं की दरवर्षी यायला काय हरकत आहे, नाशिक काही लांब नाही.

तोरण समोर दिसू लागलं आणि बैल थांबला.

मी कासरा ओढला. तो हलला नाही. मी चुचकारलं, मग विनवलं, मग मराठीत आणि हिंदीत दोन शब्द बोललो. त्याने मान मागे वळवली आणि गर्दीत काहीतरी शोधू लागला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की ताट घेऊन पुढे चालणारी बाई शेजारच्या घरातली आहे. ती कधी पुढे झाली, हे शेमल्याच्या नादात मी पाहिलंच नव्हतं.

मागून तात्यांचा बैल येत होता. तो त्यांनी नामपूरकडून भाड्याने आणला होता, कारण त्यांच्याही घरी बैल नव्हता.

"पाटील, बैल दमला का?" तात्या मोठ्याने म्हणाले. "म्हागं फिरवता का? आमचा होऊ द्या मंग पुढं."

लोक हसले. वाजंत्री बंद पडली. रस्त्याच्या कडेला काका प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते, ऑपरेशनचा पाय पुढे ताठ ठेवून. त्यांच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून माझी बहीण उभी होती. हातात ताट नाही, पेंढी नाही. ती समोरच्या किराणा दुकानाच्या पाटीकडे बघत होती.

बैल अर्धा मागे वळला. काकांनी ते पाहिलं, तात्यांनीही पाहिलं.

"काय बघू राह्यली?" काका मुलीवर ओरडले. "धर कासरा!"

ती हलली नाही.

"आजच्यापुरता का दरसालचा?" तिने विचारलं.

"आं?"

"आजच्यापुरता असंल तर दादा हाय ना."

ती अजून पाटीकडेच बघत होती, आणि तो चेहरा मी ओळखला. लिलावात ट्रॉलीला टेकून उभी असताना तिचा हाच चेहरा होता. काकांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा बैलाकडे, आणि मग बराच वेळ तात्यांकडे. तात्यांनी आपल्या भाड्याच्या बैलाचा कासरा आखूड धरला होता आणि एक पाय पुढे टाकला होता.

"दरसालचा," काका पुटपुटले.

"ऐकू नाय आलं लोकांना."

"दरसालचा!" काका एवढ्या मोठ्याने ओरडले की खुर्ची हलली. "माझ्या म्हागं बी तुझाच! झालं समाधान? जा आता!"

ती आली. घाईने नाही, नेहमीच्या चालीने आली. माझ्यासमोर उभी राहून तिने हात पुढे केला.

आणि माझी मूठ उघडेना. मी तिला आदल्या दिवशी म्हणालो होतो की मला हा मान नको आहे, आणि ते खरं होतं, तेव्हा. आता मी तो ओला, रंग जाणारा दोर घट्ट धरून उभा होतो आणि काकांकडे बघत होतो. काका आपला शब्द फिरवतील, निदान नियमाचं काहीतरी काढतील, तात्या तरी हरकत घेतील, अशी मला खरोखर आशा वाटत होती.

"सोड ना, दादा," ती हळूच म्हणाली. फक्त मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

मी सोडला. बैलाने तिच्या खांद्याला नाक लावलं आणि चालू लागला. तिला त्याला ओढावंसुद्धा लागलं नाही. तोरण शिंगात अडकून तुटलं, आंब्याची पानं तिच्या डोक्यावर पडली, आणि वाजंत्रीवाले भानावर येऊन पुन्हा वाजवू लागले. मी फेटा घालून रस्त्याच्या मधोमध उभा होतो. तात्यांचा बैल मला वळसा घालून पुढे गेला.

घरी बैलाचं जेवण झालं, मग आमचं झालं. काका पुरणपोळी खाताना इतके खुशीत होते की मला वाटलं, म्हातारा बदलला. तेवढ्यात ते म्हणाले, "तात्याचं तोंड पाह्यलं का? पाह्यलं का तू?" मग रात्रीपर्यंत आल्यागेल्या प्रत्येकाला त्यांनी हेच विचारलं. मुलीबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत. गावात एवढी मोठी सुधारणा झाली होती आणि तिचं सगळं श्रेय तात्यांना जात होतं.

निघताना मी बहिणीला विचारलंच. "तू मुद्दामच ताट घेऊन पुढे आली नाहीस, हो ना?"

"मी काय केलं?" ती भांडी आवरत म्हणाली. "आबांचा पाय असा. त्यांच्या खुर्चीजवळ कोणीतरी उभं राहायला नको?"

नाशिकला परत आलो. तळहाताला गोंड्यांचा लाल रंग लागला होता, तो साबणाने निघत नव्हता. गॅलरीत बसून मी पाठवायचा राहिलेला लेख उघडला. तिन्ही मुलींची नावं कुठे मिळतात का ते दोन दिवस शोधलं. बापाच्या दोन्ही लग्नांची, पुलाच्या समितीची, घोड्यांचीसुद्धा माहिती मिळाली, नावं मिळाली नाहीत. मग मी शेवटच्या वाक्यापाशी आलो, काहीही न मिळवण्यासाठी केलेल्या अथक परिश्रमांच्या. त्या कारकुनाने किती वर्षं वाट पाहिली होती आणि बंदरावरच्या कोणत्या साहेबाने त्याचं आडनाव चुकवलं होतं, हे लेखात नव्हतं. मला तर कासरा चावडीपासून खांबांपर्यंतसुद्धा पुरता मिळाला नव्हता, आणि तरी मूठ उघडत नव्हती. मी ते वाक्य काढून टाकलं आणि लेख पाठवून दिला.

त्यानंतर बहिणीचा फोन आला. बागेची छाटणी, मजुरांची मारामार, काकांचा गुडघा असं सगळं बोलून झाल्यावर ती म्हणाली, "पुढच्या पोळ्याला यायचं बरं का. आत्ताच सांगून ठेवते."

मला क्षणभर उगाच आशा वाटली. मी विचारलं, माझं काय काम असणार?

"असं काय? मी पुढं बैलाबरोबर. आबांच्या खुर्चीजवळ कोणीतरी उभं राहायला नको?"

मी येतो म्हणालो.